जुन्या घराला रंग: चुन्यातला पिवळा की डब्यातला राखाडी?

कोल्हापुरात मंगळवार पेठेतलं आमचं घर विटा-मातीचं, वर सागवानी गॅलरी. यंदा बाहेरून रंगवायचं ठरलं आणि घरात दोन पक्ष पडले. धाकट्याला डब्यातला तयार ॲक्रिलिक रंग, म्हणजे राखाडी इमल्शन हवं, आईला चुन्यात पिवळी माती कालवलेला रंग.

राखाडी दिसायला आजचा. कार्डावरची शेड जवळपास तशीच भिंतीवर उतरते, काम लवकर आटोपतं, टेकलं तर शर्टाला पांढरं लागत नाही. पण सागवानाचा तपकिरी त्याच्याशेजारी मरगळतो. आणि खरी अडचण भिंतीची आहे. कोल्हापूरचा पाऊस जूनला लागला की सप्टेंबरपर्यंत हलत नाही; जुन्या भिंती ओल पितात. ती ॲक्रिलिकच्या थरामागे अडकते, मग फुगे धरतात, पापुद्रे सुटतात.

चुना ओल बाहेर जाऊ देतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन तो हळूहळू घट्ट होतो, म्हणून पातळ हात तीन-चार, प्रत्येक वेळी आधी भिंत भिजवून. ओला असताना गडद, वाळल्यावर बराच फिका. त्यामुळे कोपऱ्यात नमुना मारून दोन दिवस थांबायचं. पहिल्या दिवशी भांडायचं नाही! शेड मात्र मोजक्याच. गेरू, पिवळी माती असे मातीचे रंग चुन्यात टिकतात, बाकी बरेच उडतात. दर काही वर्षांनी पुन्हा हात मारणंही आलंच.

मी आईच्या बाजूने. खाली दीड फूट गेरूचा पट्टा, लाकडाला अळशीचं तेल. धाकट्याचा राखाडी मागच्या सिमेंटच्या खोलीला.