सुईदोऱ्याविना तोरण: फ्युजिंग, फॅब्रिक ग्लू आणि ग्लू गन यांत घ्यावे काय?

नवरात्र जवळ आली की कापडी तोरणाच्या हौशीपोटी पहिली खरेदी होते ती गोंदाची कांडी वितळवून सोडणाऱ्या ग्लू गनची. खरे तर ती शेवटी घ्यावी. शिवण टाळायची असेल तर पहिला मान कागद लावलेल्या दुहेरी फ्युजिंगचा. दोन कापडांच्या मध्ये ठेवून इस्त्री केली की तिचा चिकट थर वितळून दोन्ही कापडांत मुरतो, आणि कापलेल्या कडेचे धागे सुटत नाहीत. हे दुसरे काम गन किंवा ग्लू इतके नीट करून देत नाही, त्यामुळे नुसत्या त्यांनी चिकटवलेले तोरण दिवाळीपर्यंत कडांनी विस्कटून जाते.

इंदूरमध्ये फ्युजिंग मागताना नीट सांगावे लागते. बटण-लेसच्या दुकानात नुसते ‘फ्युजिंग’ म्हटले की एकाच बाजूने चिकटणारे बक्रम (कॉलरला ताठपणा देणारे अस्तर) हातात पडते. ‘दोन्ही बाजूंनी चिकटणारे, कागदवाले’ असे मागा आणि कागद सोलून पाहा: खाली कोळ्याच्या जाळ्यासारखा पातळ थर दिसला पाहिजे. कापडासाठी एम. टी. क्लॉथ मार्केट आहेच, पण तिथला मुख्य धंदा ठोकचा. अर्ध्या मीटरचे काम असेल तर सीतलामाता बाजारच्या बाजूला कटपीस पाहणे सोयीचे.

आता दसऱ्याची आपट्याची पाने. २१ पानांना अर्धा मीटर सुती कापड (११० सेंमी पन्ह्याचे) पुरून उरते. नवे कापड आधी धुवा. कांजी राहिली तर चिकट थर कांजीलाच धरतो आणि पाने आठवड्यात सुटतात. कपडे मऊ करणारे द्रव घालू नका, त्याचाही थर आड येतो. धार जिल्ह्यातल्या बागचे छापील कापड असेल तर वेगळे आणि गार पाण्यात धुवा, त्याचा लाल रंग शेजारच्या कापडाला लागू शकतो. मग ५६ × २४ सेंमीचे दोन तुकडे आणि तेवढेच फ्युजिंग घ्या. एका तुकड्याच्या उलट्या बाजूवर फ्युजिंगची खरखरीत बाजू टेकवा, कागद वर. इस्त्री कॉटनवर, वाफ बंद. एका जागी १०-१२ सेकंद दाबा, उचला, पुढे ठेवा. घासली की थर सरकतो आणि सुरकुती कायमची बसते. पूर्ण गार झाल्यावरच कागद सोला, दुसरा तुकडा वर ठेवून पुन्हा दाबा. पाने एकेक चिकटवत बसू नका. आधी अखंड पट्टा तयार करा आणि मगच ८ × ८ सेंमीच्या चौकोनांत मधोमध घडी घातलेल्या कागदाच्या साच्याने जोडपाने कापा. फ्युजिंग कापडाबाहेर राहिले तर इस्त्रीचा तळ माखतो; वर-खाली बटर पेपर घातला की चिंता नाही.

महेश्वरीच्या तुकड्यांना मात्र जपायला हवे. ताणा (उभे धागे) रेशमी, बाणा (आडवे धागे) सुती आणि पोत विरळ. तिथे इस्त्री सिल्कवर, वर सुती रुमाल, आणि आधी एका कोपऱ्यावर चाचणी. फॅब्रिक ग्लू या कापडावर आरपार झिरपून काळपट डाग पाडतो. तो ग्लू लेस आणि गोटापट्टीपुरता बरा: काडीने अगदी पातळ ओढा, वर वजन ठेवा आणि रात्रभर हात लावू नका. त्याबद्दल याहून जास्त सांगण्यासारखे नाही.

ग्लू गन कामाची आहे ती झेंडूसाठी. ७ मिमी कांडीची छोटी गन पुरे. ६० × ५ सेंमीची पट्टी लांबीत दुमडा, घडीच्या बाजूने दर अर्ध्या सेंमीवर दीड सेंमी खोल काप द्या आणि दर ५-६ सेंमीवर मोकळ्या कडेशी एक थेंब ठेवत गुंडाळा. जास्त गोंद म्हणजे फुलाखाली दगडासारखी गाठ. सॅटिन आणि ऑर्गंझा आकसतात, गोंदही आरपार दिसतो; त्यांच्यासाठी कमी तापमानाची गन. बोटाने दाबू नका, आइसक्रीमची काडी वापरा; हा गोंद कातडीला चिकटूनच भाजतो. मागे राहणारे गोंदाच्या तारांचे कोळिष्टक हेअर ड्रायरच्या गरम वाऱ्याने जाते.

गनचा खरा दोष बाहेर टांगल्यावर कळतो. ऑक्टोबरच्या उन्हात पश्चिमेकडची लोखंडी जाळी चांगलीच तापते, गोंद मऊ पडतो आणि फुले एकेक करून खाली ओघळतात. म्हणून भार गोंदावर टाकूच नये: पानाला भोक पाडून सुतळी ओवावी, फुलामागे दोरीची गाठ मारावी, गोंद फक्त आकार धरण्यापुरता. आणि पणतीपासून हे सगळे हातभर लांब. पॉलिस्टर आणि गोंद दोन्ही वितळतात आणि पेटतात.

गुण द्यायचे तर पाचपैकी फ्युजिंगला साडेचार, गनला तीन, ग्लूला अडीच. तुळशीच्या लग्नानंतर पाने वर्तमानपत्रात सपाट ठेवा. झेंडू माळ्यावरच्या पत्र्याच्या डब्यात नको, मे महिन्यात तो डबा तापला की सगळी फुले एकमेकांना चिकटून बसतात. पुठ्ठ्याचे खोके घ्या आणि ते कपाटात खालच्या कप्प्यात ठेवा.