हंपीत एकच सकाळ हाताशी: विठ्ठल मंदिर की अच्युतराय मंदिर?

हंपीला एकाच रात्रीचा मुक्काम असला की हा प्रश्न पडतोच. विरूपाक्षाचं दर्शन तर घ्यायचंच, तिथे आजही रोज पूजा होते. उरलेली सकाळ कुणाला द्यायची?

आई-वडील सोबत असतील, कुणाचे गुडघे दुखत असतील, तर सरळ विठ्ठल मंदिर. वाहनतळापासून पुढे बॅटरीवरची गाडी नेते. तिकीट लागतं, पण त्याच दिवशी ते कमळ महालालाही चालतं. गर्दी मात्र असणारच, कारण पन्नासच्या नोटेवरचा दगडी रथ इथलाच. फोटो काढून लगेच वळू नका. रथापुढच्या हत्तींच्या मागे वाकून बघा, घोड्यांच्या शेपट्या आणि मागचे पाय कोरलेले दिसतील. मुळात रथाला घोडे होते, हत्ती नंतर आणून बसवलेले. ठोकले की सूर निघणारे मंडपातले खांब आता वाजवू देत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

गाभारा रिकामा आहे. पंढरीची मूर्ती विजयनगरला, म्हणजे इथेच, नेली होती आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी ती परत आणली, ही कथा लहानपणापासून ऐकलेली असते. त्या अंधारापुढे उभं राहिलं की रिकाम्या जागेलाही हात जोडले जातात. माझे तरी जोडले गेले.

अच्युतराय मंदिराला चालायची तयारी हवी. हंपी बाजाराच्या टोकाला मोठा नंदी आहे, तिथून पायऱ्या चढून पलीकडे उतरायचं. १५३४ साली तिरुवेंगळनाथासाठी, म्हणजे वेंकटेशासाठी, बांधलेलं हे मंदिर. तिकीट नाही, दुकानंही नाहीत, पाणी सोबत घ्या. समोर जुन्या बाजारपेठेच्या दुतर्फा दगडी खांबांच्या ओळी, मधे गवत, कडेला पुष्करणी. १५६५ च्या तालिकोटच्या लढाईत विजयनगर हरल्यावर लुटलं गेलेलं शहर म्हणजे काय, ते या शांततेत जेवढं उमगतं तेवढं रथाजवळच्या गर्दीत उमगत नाही.

म्हणून पाय धड असतील तर माझं मत अच्युतरायाला. उजाडताना सोबत घेऊन मातंग टेकडी चढा. वरून अख्खं मंदिर प्राकारासकट नकाशासारखं दिसतं. मग खाली उतरून निवांत फिरा. दम उरला तर बाजारपेठेतून नदीकडे निघा, तुंगभद्रेच्या काठाने विठ्ठल मंदिरही पायी गाठता येतं. उन्हाळ्यात मात्र हा बेत नको, दगड लवकर तापतात.