अपंग पेन्शन अडलीय: सकालचं अपील की टक्क्यांचं?

बेळगावकडच्या खानापूरच्या काकूंना पेच पडलाय की दोन्हीतलं कुठलं अपील करायचं: सकालचं, म्हणजे कर्नाटकात सरकारी काम मुदतीत मिळण्याच्या कायद्याचं, की सर्टिफिकेटवरच्या अपंगत्वाच्या टक्क्यांचं. अर्ज नाडकचेरीत (तालुक्याखालचं महसूल ऑफिस) मुदत उलटून नुसता पडून असेल तर सकाल बरं, खर्च कमी, पण पावतीवरचा जीएससी नंबर (सकालचा अर्ज क्रमांक) पाहिजेच, झेरॉक्स काढून ठेवा. दिरंगाईला भरपाई दिवसाला २० रुपये, जास्तीत जास्त ५००, म्हणजे पैशाला काय अर्थ नाही, फाईल हलते एवढंच बघायचं. पण सर्टिफिकेटवरच ३५ टक्के लिहिलंय तर सकालवाले काय करणार, ४० च्या खाली पेन्शन बसतच नाही की! तिथं २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ५९, टक्क्यांवरच अपील, रिपोर्ट गोळा करा, हेलपाटे घाला, बसभाडं वेगळंच. नकाराचा कागद कन्नडात येतोय, म्हणून आधी कुणाकडनं तरी कारण वाचून घ्या. दिरंगाई निघाली तर सकाल, टक्के निघाले तर ५९.