५० केएलडीचा एमबीबीआर एसटीपी: पावसाळा, थंडी आणि उन्हाळा पाहिल्यावर

नाशिकमध्ये इंदिरानगरच्या बाजूला शंभरेक फ्लॅटची सोसायटी आहे. तिथे ५० केएलडीचा, म्हणजे दिवसाला ५० हजार लिटर सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट (एसटीपी) आहे. एमबीबीआर म्हणजे हवा सोडलेल्या टाकीत फिरणाऱ्या प्लास्टिकच्या तुकड्यांवर (मीडिया) जिवाणू वाढवून त्यांच्याकडून घाण खाऊन घेण्याची पद्धत. शुद्ध केलेलं पाणी फ्लश आणि बागेला जातं. प्लांट समाधानकारक चालतो, पण तो हवेवर जगतो. हवा देणारा ब्लोअर थांबला की उरतात नुसत्या टाक्या.

क्षमता पुरते. घरटी चार माणसं, माणशी १३५ लिटर वापर आणि त्याचं ८० टक्के सांडपाणी धरलं तर दिवसाला साधारण ४३ हजार लिटर होतात. मात्र सकाळचा लोंढा तसाच पुढे ढकलायचा नाही. कलेक्शन टाकीत साठवून, व्हॉल्व्ह आवळून, ताशी सव्वादोन हजार लिटरनं सोडायचा. पंप पूर्ण उघडा ठेवला तर सेटलरमधून (गाळ खाली बसवणाऱ्या टाकीतून) गाळ वर येतो आणि फिल्टर तुंबतो.

वीजबिल पाहून रात्री ब्लोअर बंद ठेवायची टूम मीटिंगमध्ये निघतेच. तसं करू नका. पाण्यातला ऑक्सिजन लिटरला २ मिलिग्रॅमच्या वर राहायला हवा. मीडियाचा एक तुकडा हातात घेऊन बघा: आत पातळ तपकिरी थर असेल तर ठीक, राखाडी, जाड आणि कुजका वास मारणारा असेल तर हवा कमी पडतेय. टाकीत एकाच जागी मोठे बुडबुडे फुटत असतील तर डिफ्यूझरचं (तळाशी बारीक बुडबुड्यांनी हवा सोडणाऱ्या भागाचं) रबर फाटलंय, आणि कोपऱ्यात मीडिया नुसता साचून राहत असेल तर तिथला डिफ्यूझर चोंदलाय.

खरी परीक्षा नाशिकच्या थंडीत. पाणी गार झालं की अमोनियाचं नायट्रेट करणारे जिवाणू मंदावतात. शिल्लक अमोनिया क्लोरीनला धरतो, त्यामुळे हायपो (क्लोरीनचं द्रावण) नेहमीइतकं टाकूनही मोकळा क्लोरीन दिसत नाही आणि फ्लशच्या पाण्याला वास येतो. ऑपरेटर डोस वाढवतो, हायपो संपतं, वास तसाच. आधी हवा वाढवा, मग डोस बघा. उन्हाळ्यात उलटी गंमत: पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेलं हायपो आठवड्यांतच फिकं पडतं. कॅन सावलीत ठेवा, थोडंथोडंच आणा.

गाळ रोज थोडाथोडा काढावा. आठवडाभर साचू दिला तर तळाशी नायट्रोजन सुटतो आणि काळे पापुद्रे तरंगत येतात. सँड फिल्टरच्या आधीच्या आणि नंतरच्या दाबाच्या गेजमध्ये अर्धा किलोचा (प्रति चौरस सेंटीमीटर) फरक पडला की बॅकवॉश करा, म्हणजे उलटं पाणी सोडून फिल्टर धुवा. ते पाणी नाल्यात नको, परत कलेक्शन टाकीत. जाळीत अडकतात मुख्यतः ओले वाइप्स आणि पॅड. पाकिटावर ‘फ्लश करता येतं’ असं छापलेलं असलं तरी.

एक मर्यादा मात्र विक्रेते सांगत नाहीत. एमबीबीआर फॉस्फेट फारसं काढत नाही. ओव्हरफ्लो नाल्यानं नंदिनी नदीत आणि पुढे गोदावरीत गेला, तर काचेसारखं दिसणारं पाणीही पाणवेलींना खत पुरवतं. त्यामुळे जमेल तेवढं बागेत जिरवा, फवाऱ्याऐवजी ठिबकनं.

विकत घेताना दुसरा ब्लोअर, दोन फीड पंप आणि ब्लोअरला जनरेटरची लाइन हे कोटेशनमध्येच लिहून घ्या. नंतर मागितलं की वेगळं बिल येतं.