ऑर्केस्ट्राच्या तिकिटांत झालेली आमची फसवणूक

माझे वडील चाळीस वर्षे मिरजेत तंबोऱ्यांची जवारी काढत आले आहेत. तारेखालचा सुताचा धागा केसभर पुढेमागे सरकवत, स्वर उमलेपर्यंत ते तासन्‌तास कान लावून बसतात. मंचावरची ऐंशी-नव्वद वाद्ये कार्यक्रमापूर्वी ओबो या फुंकून वाजवायच्या वाद्याच्या एकाच स्वराशी कशी जुळवून घेतात, हे एकदा समोर बसून ऐकावे, अशी त्यांची फार दिवसांची इच्छा होती. सांगली ही नाट्यपंढरी आहे, मिरज गाण्याची आहे. पण पूर्ण सिंफनी, म्हणजे मोठ्या वाद्यवृंदाची पाश्चात्त्य रचना, ऐकायची तर मुंबईच गाठावी लागते.

मुंबईतल्या एनसीपीए या कलाकेंद्रात २००६ साली स्थापन झालेल्या सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचा हंगाम सुरू होता आणि कार्यक्रमात बीथोव्हेन होता. मी संकेतस्थळ पाहिले तेव्हा आम्हाला सोयीच्या दिवसाची तिकिटे संपलेली होती. त्याच संध्याकाळी संगीतप्रेमींच्या एका व्हॉट्सॲप गटावर, घरातील आजारपणामुळे आपली दोन तिकिटे मूळ किमतीत द्यायची आहेत, असा एका सभासदाचा संदेश आला. त्याने फोनवर मला ताई म्हटले, बाबांच्या गुडघ्यांची चौकशी केली आणि जिन्याजवळच्या खुर्च्या असल्याचे सांगितले. जास्त पैसे मागितले असते तर कदाचित मी सावध झाले असते. ४,८०० रुपये पाठवताच दोन पीडीएफ तिकिटे आली.

प्रवेशद्वारावर पहिले तिकीट स्कॅन झाले नाही आणि दुसरेही झाले नाही. तेथील मुलाने आम्हाला बाजूला घेऊन शांतपणे दाखवले, की आसन क्रमांक १४ आणि १५ असे वेगवेगळे असले तरी दोन्ही तिकिटांवरचा क्यूआर कोड अगदी एकच होता. मी ती तिकिटे आठ दिवसांत वीस वेळा उघडून पाहिली असतील, पण दोन्ही शेजारी शेजारी ठेवून एकदाही पाहिली नव्हती. तिकीट खिडकीवर त्या दिवसाची एकही जागा शिल्लक नव्हती.

त्यानंतर जे घडले ते लिहिणे मला अधिक जड जाते. मी विक्रेत्याला फोन केला आणि त्याने तो उचलला. काहीतरी घोटाळा झाला असावा, पैसे आत्ता परत करतो, असे म्हणून त्याने एक क्यूआर कोड पाठवला आणि तो स्कॅन करून पिन टाकला की रक्कम खात्यात जमा होईल, असे सांगितले. बाबा पायरीवर बसलेले, दारे बंद झालेली, अशा अवस्थेत मी पिन टाकला आणि आणखी ४,८०० रुपये गेले. यूपीआयमध्ये पैसे घेण्यासाठी पिन लागतच नाही. तो पैसे देताना किंवा शिल्लक पाहताना लागतो. मी शाळेत शिकवते आणि हे मला माहीत होते, तरीही गोंधळलेल्या क्षणी ते आठवले नाही, म्हणून ते येथे मुद्दाम लिहीत आहे.

रात्रीच्या बसने आम्ही सांगलीला परतलो. बाबा मला एका शब्दानेही बोलले नाहीत, फक्त वाद्ये जुळवताना बाहेर काहीच कसे ऐकू आले नाही, असे एकदा म्हणाले. मला इतकी शरम वाटत होती, की मी तीन दिवस कोणालाही काही सांगितले नाही. चौथ्या दिवशी १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, तोपर्यंत रक्कम त्या खात्यातून पुढे गेलेली होती. फसवणुकीनंतर लगेच फोन केला, तर रक्कम भामट्याच्या हाती लागण्याआधीच ती बँकेत रोखली जाण्याची शक्यता असते. माझे ते तीन दिवस वाया गेले. तिकिटे सभागृहाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून किंवा तिकीट खिडकीवरूनच घ्यावीत, आणि संपली असतील तर पुढच्या हंगामाची वाट पाहावी.

तक्रारीनंतर मी त्या गटावर सविस्तर लिहिले. तासाभरात दोघांनी मला खासगीत कळवले, की त्यांचेही पैसे त्याच क्रमांकावर गेले आहेत. त्यांपैकी एकाने ते माझ्या आठवडाभर आधी भरले होते आणि माझ्यासारखाच तोही तोवर गप्प होता.