सहा जणांच्या वर्गणीचा टॅब: सराव पाठांना वर्षभर वापरून

बी.एड. केलेल्या कुणालाही निरीक्षण वहीची गंमत वेगळी सांगायला नको. वर्गात मागच्या बाकावर बसून सोबतिणीचा पाठ बघायचा आणि वहीत लिहायचं: ‘आवाज स्पष्ट. फळालेखन नीटनेटके. विद्यार्थी सहभाग चांगला.’ पुढच्या पाठाला तेच, फक्त क्रम बदलून. वह्या जमा करायच्या आदल्या दिवशी मी सिटीलिंकच्या बसमध्ये निमाणी ते नाशिकरोड एवढ्या अंतरात चार निरीक्षणं लिहून काढली आहेत. त्यातला एक पाठ मी पाहिलेलाही नव्हता.

दुसऱ्या वर्षाला आमच्या सहा जणांच्या गटानं वर्गणी काढून टॅब घेतला. माणशी अडीच हजार. एम.जी. रोडवरच्या दुकानदारानं विचारलं, “मुलांच्या अभ्यासासाठी का ताई?” गटातला गणितवाला म्हणाला, “आम्हीच ती मुलं.” दहा इंची स्क्रीन, ६४ जीबी, वरून १२८ जीबीचं कार्ड, कव्हर आणि तिपाई, सगळं पंधरा हजारांत बसलं. कंपनीचं नाव देत नाही, कारण मला जे सांगायचंय ते नावावर अवलंबून नाही.

इंटर्नशिपला शाळेत पाठवण्याआधी मॅडमनी सूक्ष्म अध्यापनाची, म्हणजे छोट्याशा पाठात एकच कौशल्य घोटायच्या सरावाची, दोन-तीन कौशल्यं पुन्हा करायला लावली. त्याचं चक्र ३६ मिनिटांचं. सहा मिनिटं शिकवा, सहा मिनिटं प्रत्याभरण (पाठ कसा झाला ते बघणाऱ्यांकडून ऐकणं) घ्या, बारा मिनिटांत पाठ नव्यानं आखा, मग पुन्हा सहा आणि सहा. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात ड्वाइट ॲलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ च्या सुमारास ही पद्धत बसवली, तेव्हा व्हिडिओ रेकॉर्डिंग तिच्याबरोबरच आलं होतं. आमच्यापर्यंत येताना रेकॉर्डर वाटेत गळाला आणि छापील तक्ता तेवढा पोचला.

माझा पाठ टॅबवर घेतला. प्रत्याभरणाच्या वेळी पाचही जणांनी ‘छान झाला ताई’ म्हटलं. मी गटात वयानं मोठी, त्यामुळे मला ते जरा जास्तच छान म्हणतात. मग व्हिडिओ लावला. सहा मिनिटांत मी २३ वेळा ‘बरं का’ म्हणाले. तेराव्याला विज्ञानवालीला हसू आवरेना. “तुम्हाला माहीत होतं हे?” मी विचारलं. सगळ्यांना माहीत होतं, पहिल्या वर्षापासून. कुणी बोललं नव्हतं, इतकंच. घरी मुलाला विचारलं तर तो म्हणाला, “आई, तू भाजीवाल्यालाही म्हणतेस.”

इथवर टॅब आरशासारखा उपयोगी पडला. पण आरशासाठी पंधरा हजार घालायचं कारण नाही, तेवढं काम मोबाइलही करतो. सहा जणांना डोकं न आपटता एका पडद्याकडे बघता येणं हा मोठ्या स्क्रीनचा फायदा म्हणा, आणि पडदा दुभागता येणं हा दुसरा: डावीकडे व्हिडिओ, उजवीकडे टिपणं. खरी अडचण होती ती टिपणांत काय लिहायचं याची.

आधी आम्ही ऑनलाइन फॉर्म बनवला. दहा मुद्दे, प्रत्येकाला १ ते ५ गुण. दोन आठवड्यांनी बघितलं तर सगळीकडे चार. पाच दिले तर खोटं वाटेल, तीन दिले तर वाईट वाटेल, म्हणून चार. म्हणजे निरीक्षण वहीच, फक्त काचेवरची. शिवाय सराव शाळेत मागच्या इमारतीत रेंज नाही, फॉर्म उघडायचाच नाही.

फॉर्म सोडून दिला आणि दोन नियम केले. प्रत्येक टिपणाच्या आधी मिनिट आणि सेकंद लिहायचे. आणि ‘छान’, ‘चांगला’, ‘प्रभावी’ हे शब्द बंद. एवढ्यानं भाषाच बदलली. ‘प्रश्न कौशल्य चांगले’च्या जागी ‘७:४०, प्रश्न विचारून दोन सेकंदांत स्वतःच उत्तर दिलं’ असं यायला लागलं. याचा राग येत नाही, कारण ७:४० ला जाऊन आपण स्वतः बघू शकतो. गणितवाल्याला मी ‘तू फळ्याशी बोलतोस’ असं वर्षभर सांगू शकले नव्हते. ‘११:०५ ते १२:३०, पाठ वर्गाकडे’ हे मात्र सहज लिहिलं, आणि त्यानंही ते मुकाट मान्य केलं.

आता माझ्या पाठाचं. पंचवटीतली शाळा, आठवीचा वर्ग, इतिहास, समतेचा लढा. काळाराम मंदिर तिथून चालत जाण्यासारखं. बाबासाहेब आंबेडकरांचा सत्याग्रह, दादासाहेब गायकवाड, सगळं तयारीनं नेलं होतं. पाठ संपला, मुख्याध्यापक सरांनी मान डोलावली, मी खूश. दुपारी व्हिडिओ बघताना गणितवाल्यानं इअरफोन काढून मला दिला. “ताई, १४:२० पुन्हा ऐका.” मी फळ्यावर ‘२ मार्च १९३०’ लिहितेय, आणि मागून कुठून तरी एका मुलाचा आवाज: “बाई, माझे पणजोबा होते त्यात.” मी तारखेखाली रेघ मारली आणि पुढच्या मुद्द्याला गेले.

मला ते ऐकूच आलं नव्हतं. मागे बसलेल्या दोघांनाही नाही, कारण ते खाली मान घालून टिपणं करत होते! व्हिडिओतही तो मुलगा दिसत नाही, कॅमेरा माझ्यावर होता. आवाजावरून अंदाज बांधून दुसऱ्या दिवशी एकाला विचारलं. तो म्हणाला, “काही नाही बाई.” दोनदा विचारलं, दोन्हीदा काही नाही.

त्या दिवसापासून आम्ही तिपाई फळ्याच्या बाजूला नेली आणि कॅमेरा मुलांकडे वळवला. हा टॅब घेणाऱ्या, किंवा नुसता मोबाइल वापरणाऱ्याही, प्रत्येक गटाला माझी पहिली सूचना हीच. शिक्षक दिसला नाही तरी चालतो, त्याचा आवाज येतोच. मुलं मात्र दिसलीच पाहिजेत: कोण अर्धा हात वर करून खाली घेतं, शेवटच्या बाकावर प्रश्न कधी पोचतो, खिडकीजवळच्या तिघी कितव्या मिनिटाला गळतात. आणि पाठ चालू असताना टिपणं करायची नाहीत. डोळे वर्गावर, टिपणं दुपारी.

पहिले दोन दिवस मुलं कॅमेऱ्याकडे बघून हात हलवतात, केस नीट करतात. तिसऱ्या दिवसापासून त्यांना त्याचं काही नसतं.

एक अनपेक्षित फायदा झाला तो फ्लँडर्सचा. वर्गात कोण किती आणि कसं बोलतं ते मोजायची त्याची आंतरक्रिया विश्लेषण पद्धत आपण बी.एड.वाले परीक्षेपुरती घोकतो: दर तीन सेकंदांनी एक आकडा, १ ते १०, त्यात सात शिक्षकाच्या बोलण्याचे, दोन विद्यार्थ्यांच्या, दहावा शांततेचा किंवा गोंधळाचा. चालू वर्गात हे करून बघा, दुसऱ्याच मिनिटाला आकडे हुकतात. व्हिडिओ थांबवत थांबवत केलं की जमतं. माझ्या पाठाची दहा मिनिटं घेतली, म्हणजे २०० नोंदी. त्यात ५, म्हणजे नुसतं व्याख्यान, १३१ वेळा. ९, म्हणजे मुलानं आपणहून बोलणं, चार वेळा. त्या चारांतल्या एकाचं काय झालं ते वर सांगितलंच.

आता टॅबची गाऱ्हाणी. आवाज सगळ्यात वाईट. वर्गात तीन पंखे, टॅबचा माइक पहिला पंखा ऐकतो, मग मुलं. आम्ही नंतर वायरचा साधा कॉलर माइक घेऊन मधल्या बाकावर ठेवायला लागलो, तेव्हा कुठे बरं झालं. म्हणून दुकानात आधी इअरफोनचं गोल भोक आहे का ते बघा. फुल एचडीत मिनिटाला शंभर-सव्वाशे एमबी जातात, म्हणजे ३५ मिनिटांच्या तासाला चार जीबीच्या आसपास. रेकॉर्डिंग त्याहून कमी दर्जावर ठेवलं तरी चेहरे नीट दिसतात. स्क्रीनवर लिहायचं पेन टॅबसोबत येत नाही, ते वेगळं घ्यावं लागतं. आम्ही घेतलं नाही. मराठी बोलून टाइप करायची सोय कामाची आहे, फक्त ‘प्रत्याभरण’ म्हटलं की ‘प्रत्यक्ष भरण’ उमटतं आणि ‘पाठ टाचण’चं (पाठाच्या लेखी आराखड्याचं) दर वेळी काहीतरी नवीन होतं. बॅटरीबद्दल तक्रार नाही, दुपारपर्यंत निवांत चालते.

आणि परवानगी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचं ते मूल, आणि त्याच्या माहितीला पालकांची संमती लागते. कायद्याचं सोडा, कुणाच्या तरी लेकराचा व्हिडिओ आपल्या हातात आहे. आम्ही मुख्याध्यापकांना लेखी अर्ज दिला, पालकांच्या सह्या घेतल्या, आणि व्हिडिओ व्हॉट्सॲपवर टाकायचे नाहीत असं ठरवलं. दोन पालकांनी नकार दिला. ती दोन मुलं कॅमेऱ्याच्या कक्षेबाहेरच्या बाकांवर बसवली. याचं मला अजून बरं वाटत नाही, कारण जी जागा आम्ही त्यांना दिली ती वर्गातली सगळ्यात दुर्लक्षाची जागा होती.

पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा तारा पंख्यानं खाल्ला, एक त्या फॉर्मच्या दोन आठवड्यांनी.

इंटर्नशिप संपल्यावर सरांच्या समोर बसून सगळे व्हिडिओ पुसले. मग चिठ्ठ्या टाकल्या. टॅब विज्ञानवालीला गेला, तिनं बाकी पाच जणांना हजार-हजार दिले. माझ्या वाट्याला हजार रुपये आणि तिपाई आली. तिपाईचा एक पाय सैल आहे.