समाजशास्त्रात बीए झालंय, पुढे एमए-नेट, एमएसडब्ल्यू, एमपीएससी की सर्वेचं काम?

माझ्या मामेबहिणीचं यंदा बीए संपतंय, स्पेशल समाजशास्त्र, आणि मामाकडे रोज जेवताना एकच विषय, आता पुढे काय. मी एमए केलं, सेट (राज्याची प्राध्यापकीसाठीची पात्रता परीक्षा) काढली, चार वर्षं तासिका तत्त्वावर शिकवलं आणि आता सर्वेच्या कामात आहे, त्यामुळे तिला फोनवर जे सांगितलं तेच इथे लिहितेय.

पहिली गोष्ट, एमए आणि एमएसडब्ल्यू (समाजकार्याची मास्टर्स) एकच असं खूप जणांना वाटतं, तसं नाहीये. एमएला तुम्ही दुर्खीम, वेबर, घुर्ये, श्रीनिवास असे समाजशास्त्रज्ञ वाचता, जात का टिकते, कुटुंब कसं बदलतं यावर विचार करायला शिकता. एमएसडब्ल्यूला वाचन असतंच पण खरा जोर फील्डवर्कवर, म्हणजे कोर्स चालू असतानाच वस्तीत, हॉस्पिटलमध्ये, बालगृहात जायचं, तिथल्या माणसांशी बोलायचं आणि रिपोर्ट लिहायचा. नोकरीच्या जाहिरातीत हा फरक लगेच दिसतो. सरकारी हॉस्पिटलात वैद्यकीय समाजसेवा अधीक्षक अशी पोस्ट असते, तिथे समाजकार्याची पदवी मागतात, एमए समाजशास्त्र चालेल असं धरून बसू नका, जाहिरात शब्दन् शब्द वाचा. कंपन्यांच्या सीएसआरमध्येही, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या कामातही तेच. 2013 च्या कंपनी कायद्यामुळे मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे 2 टक्के सामाजिक कामावर घालावे लागतात, त्यातून कामं निघाली, पण बहुतेक प्रोजेक्टवर, फंडिंग संपलं की कॉन्ट्रॅक्ट संपलं. हे आधी माहीत असलं की धक्का बसत नाही. कॉलेजं म्हणाल तर मुंबईत टिस (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) आणि निर्मला निकेतन, पुण्यात कर्वे समाज सेवा संस्था. टिसला आता सीयूईटी-पीजी या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेतून जावं लागतं, तेव्हा फॉर्मच्या तारखेवर लक्ष ठेवा.

आता प्राध्यापकी. याबद्दल मी जरा जास्त बोलणार कारण इथेच पोरं सगळ्यात जास्त वर्षं घालवतात. एमएला 55 टक्के (राखीव गटाला 50), मग नेट (सेटसारखीच, पण देशपातळीवरची पात्रता परीक्षा) किंवा सेट. नेटला दोन पेपर मिळून 150 प्रश्न, 300 मार्क, तीन तास, निगेटिव्ह मार्किंग नाही, पण पेपर इंग्रजी आणि हिंदीतच, म्हणून मराठीतून शिकलेल्यांनी बीएपासूनच इंग्रजी संज्ञा वहीत लिहीत जा, मी ते उशिरा केलं आणि दोनदा थोडक्यात गेली. सेट पुणे विद्यापीठ घेतं, ती महाराष्ट्र आणि गोव्यापुरती. नेटमध्ये वरचे मार्क पडून जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना 37,000, म्हणजे पीएचडी करताना घरी हात पसरायला लागत नाही, म्हणून वयात बसत असाल तर नुसत्या नेटवर समाधान मानू नका. कायम असिस्टंट प्रोफेसरचं मूळ वेतन 57,700 पासून सुरू होतं, आकडा ऐकून छान वाटतं, पण भरती वर्षानुवर्षं रखडते आणि तोवर सीएचबी, म्हणजे तासिका तत्त्वावर. मी चार वर्षं तासाच्या हिशोबाने शिकवलं, पैसे महिनोन् महिने उशिरा यायचे, मे महिन्यात तर काहीच नाही. शिकवायला मला मनापासून आवडायचं, अजूनही आवडतं, पण भाडं द्यायचं होतं. घरी दुसरं कोणी कमावतं असेल आणि अभ्यासाची खरंच ओढ असेल तरच या वाटेला जा असं मी स्पष्ट सांगेन. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या पीएचडी फेलोशिप आहेत, आपापल्या प्रवर्गाप्रमाणे त्या नक्की बघा.

स्पर्धा परीक्षा. यूपीएससीला समाजशास्त्र वैकल्पिक घेता येतं, दोन पेपर, 500 मार्क, एमपीएससी राज्यसेवाही 2025 पासून त्याच वर्णनात्मक पद्धतीवर आलीय. समाजशास्त्राचा दुसरा पेपर भारतीय समाजावर असल्याने जीएस (सामान्य अध्ययन) आणि निबंधालाही उपयोग होतो. पण हाच विषय इंजिनिअर पोरंपण घेतात, तेव्हा बीए केलं म्हणून आपण पुढे आहोत असं नाही. तिला म्हटलं, किती वर्षं द्यायची ते पहिल्या दिवशीच ठरव आणि मामाला सांगून ठेव.

आणि चौथी वाट, जिच्याबद्दल कॉलेजात कोणी सांगतच नाही, ती म्हणजे सर्वे, मार्केट रिसर्च, आणि आता ॲप बनवणाऱ्या कंपन्यांतलं यूएक्स रिसर्च, म्हणजे लोक ॲप कसं वापरतात ते बघणं. मुंबईत देवनारला आयआयपीएस ही संस्था आहे, तिथे लोकसंख्याशास्त्र शिकवतात, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचं काम तिथूनच चालतं. एमए करताकरता एक्सेल पक्कं करा, एसपीएसएस नाहीतर आर (आकडेवारीची सॉफ्टवेअर) शिका, मोबाईलवर सर्वे घेण्यासाठी कोबो या ॲपमध्ये फॉर्म बनवायला शिका, यातलं बरंचसं फुकट शिकता येतं. आणि आपली बोली ही इथे मोठी ताकद आहे बरं का, पाणी कुठून आणता असं विहिरीवर उभं राहून विचारलं की बायका बोलतात तसं हॉलमध्ये बसवून विचारलं तर बोलत नाहीत, ते कळायला गावातलंच माणूस लागतं. पगार सुरुवातीला साधाच, प्रवास भरपूर, पण मला पहिल्या वर्षापासून दर महिन्याला मिळाला.

म्हणून मी तिला दोनच गोष्टी विचारल्या, पहिल्या पगारासाठी घर किती वर्षं थांबू शकतं, आणि तुला दिवसभर माणसांत राहायला आवडतं की पुस्तकात. पहिल्याचं उत्तर आलं, दोन वर्षं. दुसऱ्याचं तिला सांगता येईना, म्हणून सोमवारपासून चार दिवस ती माझ्यासोबत फील्डला येतेय, एमएसडब्ल्यूचा फॉर्म भरायचा का ते त्यानंतर.